आमची वाटचाल : चाचणी मुलाच्या शाळेत

शाळकरी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या करणं हा आमचा व्यवसाय. सुरुवात केली तेव्हा एक खोली, मी एकटी आणि बुद्धिमापनाचा एक संच, एवढंच होतं. हे संच महाग असतात, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञालाच विकले जातात, शिवाय दर मुलामागे नवी उत्तरपत्रिका लागते. साठवलेले बरेचसे पैसे त्यातच गेले.

मुलं येऊ लागली, पण कोणती? ज्यांच्या आईवडिलांना डिस्लेक्सिया (बुद्धी असूनही वाचायला-लिहायला जड जाणं) हा शब्द माहीत होता, फी परवडत होती आणि दोन वेळा रजा काढता येत होती त्यांची. बाकीच्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ हा शेरा वर्षानुवर्षं तसाच राहायचा. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये आपली चाचणी तयार केली, ती शाळेत जास्तीची मदत कोणाला लागेल हे ओळखण्यासाठीच. त्यानंतर शतक उलटलं, तरी ज्याला मदत हवी तोच मूल्यमापनाबाहेर राहतो, याची मला मनापासून चीड येते.

म्हणून आम्ही संच उचलून शाळांमध्ये जायला लागलो. शांत खोली मिळवणं हेच तिथलं पहिलं काम. मधल्या सुट्टीची घंटा होणार असेल, तर वेळ मोजायच्या चाचण्या त्याआधी आटोपायच्या. मूल घाबरलेलं असेल तर आधी गप्पा, चित्रं, मग बाकीचं. घाईने घेतलेल्या चाचणीचा आकडा मुलाला आयुष्यभर चिकटू शकतो, त्यामुळे इथे वेळ वाचवायचा नाही, असा आमचा नियम आहे.

एक मुलगा आठवतो. वाचताना जोडाक्षर आलं की अडायचा आणि उरलेला शब्द अंदाजाने पुरा करायचा. तोच उतारा मी वाचून दाखवला, तर प्रश्नांची उत्तरं धडाधड. त्याचं शब्दज्ञान वयाच्या मानाने उत्तम होतं, कामाचा वेग मात्र फार कमी. बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरतात आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. याचा एकूण आकडाही त्यातच बसत होता. तेवढाच आकडा शाळेला कळवला असता, तर ‘हुशार आहे, पण आळशी’ यावर शिक्कामोर्तब झालं असतं.

त्यामुळे आमच्या अहवालाचं पहिलं पान वर्गशिक्षकांसाठी असतं. फळ्यावरचं उतरवायला जादा वेळ द्या, प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, अशा सूचना त्यावर असतात. गुणांचे तक्ते मागच्या पानांवर. पालकांशी आम्ही समोर बसून बोलतो, त्यांच्या भाषेत. चाचणीसुद्धा मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी हा आमचा आग्रह आहे, कारण परक्या भाषेत घेतली की बुद्धीऐवजी भाषाच मोजली जाते.

खर्चाचा प्रश्न सगळ्यात अवघड. एका मुलामागे चाचणीचे तास, मग गुणांकन, मग अहवाल, असं काम असतं आणि ते करणाऱ्याला पगार द्यावाच लागतो. यातून वाट निघाली ती शिक्षकांच्या मदतीने. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग शिक्षकांनी एक साधी निरीक्षणसूची भरायची, त्यातून ज्यांना खरोखर गरज दिसते त्यांचीच पूर्ण चाचणी. फळा नीट न दिसणारी मुलं तिथेच वेगळी निघतात आणि त्यांना चष्मा मिळतो. ज्या घरांना फी झेपत नाही त्यांचा भार शाळा आणि देणगीदार उचलतात. फी कोणी भरली याची नोंद अहवालात नसते.

अजूनही बरीच मुलं थेट बोर्डाच्या वर्षी येतात, परीक्षेतल्या सवलतीच्या प्रमाणपत्रासाठी. त्यासाठीची चाचणी आम्ही करतो, पण तोवर मुलाने स्वतःला ‘ढ’ ठरवून टाकलेलं असतं. म्हणून आता सगळा जोर दुसरी-तिसरीवर आहे. त्या वर्गांच्या शिक्षकांना निरीक्षणसूची कशी भरायची हे आम्ही विनामूल्य शिकवतो आणि त्यांनी पाठवलेल्या मुलांना यादीत आधी घेतो.