फोटो कुणाचा, लेबल कुणाचं

१९९१ साली न्यूयॉर्कमधे 'आफ्रिका एक्स्प्लोअर्स' नावाचं एक प्रदर्शन झालं, विषय विसाव्या शतकातली आफ्रिकन कला, आणि त्यात मालीच्या बामाको शहरातले काही ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट फोटो लावले होते. फोटो जबरदस्त, पण खाली लेबलवर काय, तर फोटोग्राफर अज्ञात. हा 'अज्ञात' माणूस तेव्हा बामाकोमधे चांगला जिवंत होता, रिटायर होऊन घरी बसला होता, आणि त्याच्याकडून फोटो काढून घेतलेली घरं त्या शहरात ढीगभर होती. ते फोटो बघून एका श्रीमंत कलेक्टरने आपला माणूस बामाकोला पाठवला आणि मग सेदू केइता हे नाव सगळ्यांना कळलं. सगळ्यांना म्हणजे न्यूयॉर्क-पॅरिसला, बामाकोला आधीपासून माहीत होतंच. १९९४ ला पॅरिसच्या फोंदासियों कार्तिए या कलासंस्थेत त्यांचा सोलो शो झाला.

हे वाचल्यापासून मला प्रदर्शनात आधी लेबल वाचायची खोड लागलीये. आफ्रिकन कलेच्या प्रदर्शनांबद्दल रिप्रेझेंटेशन, आयडेंटिटी वगैरे भरपूर लिहिलं जातं, पण माझ्या मते निम्मा मामला त्या चौकोनी लेबलवरच कळतो, म्हणजे नाव कुणाचं लिहिलंय, कुणाचं गाळलंय आणि ते लिहायला बसलं कोण.

केइतांकडे परत येते कारण त्यांचा स्टुडिओ हा वेगळाच विषय आहे. मूळचे सुतारकाम करणारे, काकांनी सेनेगलहून एक कोडॅक ब्राउनी कॅमेरा आणून दिला तिथून सुरुवात, १९४८ ला स्टुडिओ, तोही रेल्वे स्टेशनच्या जवळ म्हणजे गिऱ्हाईक आपोआप. मागे पडदा म्हणून सुरुवातीला स्वतःच्याच पलंगावरची झालरवाली चादर! पुढे दर थोड्या वर्षांनी पडदा बदलायचा, त्यामुळे आता कोणता पडदा आहे ते बघून फोटो साधारण कधीचा ते लावता येतं. स्टुडिओत सूट, घड्याळं, पेनं, रेडिओ, स्कूटर सगळं ठेवलेलं, ज्याला जे हवं ते घेऊन त्याने बसावं. आपल्याकडेही आजी-आजोबांच्या लग्नानंतरच्या फोटोत स्टुडिओवाल्याचंच टेबल आणि त्याचीच फुलदाणी असते की, अगदी तसंच. एक फोटो बघाच, १९५९ चा, पांढरा सूट घातलेला, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेला तरुण, वरच्या खिशाला पेन आणि बोटांच्या चिमटीत एक फूल धरलेलं. तेव्हा माली फ्रेंचांच्या ताब्यात होतं, स्वातंत्र्य १९६० चं. आपण कसं दिसायचं हे त्या तरुणाने स्वतः ठरवलंय आणि त्याचे पैसेही त्यानेच दिलेत, आफ्रिकेबद्दल पोस्टकार्डांवर जे छापलं जायचं त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

पण लेबलवर आजही बहुतेक ठिकाणी 'शीर्षक नाही' एवढंच असतं. फोटोग्राफरला नाव मिळालं, समोर बसलेल्याला नाही मिळालं. आणि हे फोटो मुळात हातात मावतील एवढेच, निगेटिव्हच्या साइझचे, घरी न्यायला काढलेले, ते गॅलरीत भिंतभर मोठे करून, काळं-पांढरं एकदम कडक करून लावले गेले. पुढे निगेटिव्ह कुणाच्या यावरून भांडणंही झाली, २००१ ला केइता गेले तरी ती मिटली नव्हती.

न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनाच्या दोनच वर्षं आधी, १९८९ ला, पॅरिसला पाँपिदू सेंटरमधे 'मॅजिसिआं द ला तेर' म्हणजे पृथ्वीवरचे जादूगार असं एक प्रदर्शन झालं होतं. क्युरेटर, म्हणजे कलाकार निवडून प्रदर्शन मांडणारे, झाँ-ह्युबेर मार्तां. साधारण शंभर कलाकार, निम्मे पाश्चात्त्य, निम्मे बाकी जगातले, दोघांना एकाच छताखाली बरोबरीने दाखवायचं अशी कल्पना. आपल्या डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे त्यात होते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं आणि खरं सांगायचं तर छाती फुगली! तरी तेव्हा झालेली टीका मला पटते. आफ्रिकेतून निवडले ते बहुतेक स्वतः शिकलेले, खेड्यातले, शवपेट्या बनवणारे, घराच्या भिंती रंगवणारे. चांगलेच होते, त्यातल्या दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर माह्लांगू किंवा काँगोचे चेरी साम्बा यांना कोण नावं ठेवेल. पण तेव्हा आफ्रिकेत आर्ट कॉलेजं होती, शिल्पकार एल अनात्सुई घानामधे शिकून १९७५ पासून नायजेरियात न्सुक्काच्या युनिव्हर्सिटीत शिकवत होते, असले लोक त्या 'जादूगार' नावात बसत नव्हते म्हणून बाहेर. शिकलेला आफ्रिकन कलाकार म्हणजे कमी अस्सल असं काहीतरी डोक्यात बसलेलं.

ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनिबारे यांचा किस्सा आहे ना, लंडनला कॉलेजात असताना ते रशियातल्या पेरेस्त्रोइकावर, म्हणजे गोर्बाचेव्हच्या सुधारणांवर, काहीतरी करत होते तर शिक्षकांनी विचारलं, तू अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस? जन्म लंडनचा, वाढले लागोसला. मग त्यांनी ब्रिक्स्टनच्या मार्केटमधून ते रंगीबेरंगी 'आफ्रिकन' कापड आणलं, जे मुळात इंडोनेशियाच्या बाटिकची डच कारखान्यात केलेली नक्कल आणि नंतर पश्चिम आफ्रिकेत विकलं गेलेलं, आणि त्याचे व्हिक्टोरियन कपडे शिवून बिनडोक्याच्या पुतळ्यांवर चढवले. घ्या अस्सल. मला हे उत्तर फार आवडतं कारण त्यात रागही आहे आणि मस्करीही.

लेबल लिहायला आफ्रिकेतलाच माणूस बसला की काय होतं ते क्युरेटर ओक्वुई एन्वेझॉर यांच्यामुळे दिसलं. नायजेरियाचे, १९९७ ची जोहान्सबर्ग बिएनाले (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) त्यांनी केली, मग २००२ ला जर्मनीतल्या कासेलचं डॉक्युमेंटा हे मोठं प्रदर्शन, युरोपच्या बाहेरचे तिथले पहिलेच आर्टिस्टिक डायरेक्टर. त्यांच्यावर एक वेगळी पोस्ट लिहायला हवी, इथे नको.

अर्थात खुर्ची आफ्रिकेतल्याच सरकारची असली म्हणून काम होतंच असंही नाही. २०१५ ला व्हेनिस बिएनालेत केनियाचं पॅव्हेलियन, म्हणजे त्या देशाचं दालन, जाहीर झालं आणि त्यात कलाकार बहुतेक चिनी! २०१३ लाही तेच झालेलं. नैरोबीचे कलाकार भडकले, पिटिशन निघालं, तिथले चित्रकार मायकेल सोई यांनी 'शेम इन व्हेनिस' नावाची चित्रमालिकाच काढली, शेवटी सरकारने हात झटकले. दक्षिण आफ्रिकेत २००९ ला वेगळीच तऱ्हा. तिथल्या फोटोग्राफर झानेले मुहोली यांचे फोटो ज्या प्रदर्शनात होते तिथे कला आणि संस्कृती खात्याच्या मंत्रीणबाई उद्घाटनाला आल्या आणि फोटो बघून उठून गेल्या. फोटो काय, तर एकमेकींजवळ असलेल्या बायका. त्या म्हणाल्या हे अनैतिक आहे, राष्ट्रउभारणीच्या विरोधात आहे. प्रदर्शनाला पैसे त्यांच्याच खात्याने दिलेले.

मुहोलींची 'फेसेस अँड फेझेस' मालिका २००६ पासून चालू आहे, काळ्या लेस्बियन आणि ट्रान्स माणसांची शेकडो पोर्ट्रेट्स, सगळे सरळ कॅमेऱ्यात बघतायत. आणि लेबल? प्रत्येकाचं नाव, गाव, वर्ष. मुहोली त्यांना सब्जेक्ट न म्हणता पार्टिसिपंट म्हणतात. भिंतीवर फोटोंच्या ओळींत मधेमधे रिकाम्या जागा ठेवतात, काही गेलेल्यांसाठी, काही ज्यांचे फोटो अजून काढायचेत त्यांच्यासाठी. केइतांच्या फोटोत जे राहून गेलं ते इथे पहिल्या ओळीत आहे.

२०२३ ला ताईकडे लंडनला गेले होते तेव्हा टेट मॉडर्नला 'अ वर्ल्ड इन कॉमन' बघितलं, समकालीन आफ्रिकन फोटोग्राफी, ३६ कलाकार, क्युरेटर ओसेई बॉन्सू. त्यात अंगोलाच्या एडसन शागास यांचे 'टिपो पास' मधले फोटो होते, तिथेच मी सगळ्यात जास्त वेळ उभी. पासपोर्ट फोटोसारखी फ्रेम, मागे साधी भिंत, अंगात आजकालचा शर्ट किंवा जॅकेट आणि तोंडावर जुना लाकडी मुखवटा. म्युझियममधे असल्या मुखवट्याखाली जमातीचं नाव असतं, करणाऱ्याचं क्वचितच. इथे शागास यांनी प्रत्येकाला पासपोर्टवर शोभेल असं पूर्ण नाव देऊन टाकलंय, अर्धं पोर्तुगीज, अर्धं आफ्रिकन, सगळी काल्पनिक. मुखवट्याला एकदम आडनाव मिळालं की तो वस्तू वाटेनासा होतो, समोर कुणीतरी व्हिसाच्या रांगेत उभं आहे असंच वाटायला लागतं.

तरी त्या शोवरही माझी एक तक्रार आहे. ५४ देश, आणि एक प्रदर्शन. मोरोक्को, मोझांबिक, मादागास्कर सगळे शेजारीशेजारी. 'समकालीन युरोपियन फोटोग्राफी' असं म्हणून पोर्तुगाल आणि फिनलंड एका हॉलमधे कुणी लावतं का?

ऑक्टोबर २०२५ मधे त्याच टेटने 'नायजेरियन मॉडर्निझम' लावलं तेव्हा ही तक्रार अर्धी तरी मिटली. एकच देश, त्यातही गावागावातले कलाकारांचे गट वेगळे दाखवलेले, झारियाच्या कॉलेजातली पोरं वेगळी, ओशोग्बोचे वेगळे, न्सुक्काचे वेगळे, चित्रकार-शिल्पकार बेन एन्वोन्वू यांच्यापासून पुढे. मला जायला जमलं नाही म्हणून ताईला पाठवलं आणि लेबलांचे फोटो काढून पाठव म्हटलं. तिने सत्तावीस लेबलं पाठवली आणि खाली मेसेज, "चित्रं पण पाठवू की एवढंच पुरे?"