कळीची भाजी

ब्रॉकोलीचं बी आणलं तेव्हा माय ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पुडीतले दाणे तिच्या तळहातावर ओतले. तिने चष्मा कपाळावर सारून दोन दाणे बोटांत फिरवले आणि निकाल दिला, "हाई तं मोहरी शे." किंमत सांगितल्यावर पुढचा निकाल आला. तेवढ्यात दोन किलो मोहरी आली असती आणि वर्षभर फोडणी झाली असती.

तसं तिचं फार चुकलं नव्हतं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रॉकोली या चौघी शास्त्राच्या हिशोबाने एकाच जातीच्या, आणि मोहरी त्यांची चुलत बहीण. बी पाहून कोण कोणती ते भल्याभल्यांना सांगता येत नाही.

आमचं घर धुळ्यात, देवपूरला. मागच्या अंगणात दहा बाय बारा फुटांचा तुकडा आहे, तोच आमचा मळा. मे महिन्यात इथे पारा 44-45 अंशांवर गेला की तुळससुद्धा मान टाकते. अशा गावात ब्रॉकोली लावतो म्हटल्यावर शेजारच्या आप्पांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. पण आपल्याकडची थंडी लोक विसरतात. जानेवारीत धुळ्याचा पारा कधी कधी 6-7 अंशांपर्यंत उतरतो. दिवसा ऊन आणि रात्री बोचरा गारवा. ब्रॉकोलीला साधारण 15 ते 20 अंश मानवतात, म्हणजे आमचा हिवाळा तिला माहेरासारखाच. फक्त हे माहेरपण दोन-अडीच महिन्यांचं, ते साधता आलं पाहिजे.

कोजागिरी झाल्यावर दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून रोपं केली. पाचव्या दिवशी बी वर आलं आणि महिन्याभरात रोपं पाच पानांची झाली. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून गादीवाफा उंच केला आणि दीड-दीड फुटावर चौदा रोपं लावली. मधली मोकळी जागा मायच्या डोळ्यांत सलायची. एका सकाळी पाहतो तर तिथे मेथी उगवून आलेली. कोणी टाकली, ते विचारायची गरज नव्हती.

डिसेंबरमध्ये पानांना भोकं दिसू लागली. पान उलटलं की पेन्सिलीच्या टोकाएवढी हिरवी अळी. तिला हात लावला तर ती वळवळत सुटते आणि चक्क धाग्याला लटकून खाली उतरते, सर्कशीतल्या पोरीसारखी. निंबोळ्यांची पूड रात्रभर भिजवून, लिटरला पन्नास ग्रॅमच्या हिशोबाने, चार-पाच दिवसांआड संध्याकाळी फवारली. उरलेल्या अळ्या चिमण्यांनी नेल्या. काही आम्ही खाल्ल्या असतील, नाही म्हणत नाही. तेव्हापासून गड्डा मिठाच्या पाण्यात घातल्याशिवाय स्वयंपाकघरात येत नाही.

या झाडाची पानं मला फुलांपेक्षा आवडतात. निळसर हिरवी, वर पिठी भुरभुरल्यासारखी. सकाळी दव पडलं की त्यावर पाणी पसरत नाही, पाऱ्यासारखे गोल थेंब होतात. बोटाने पान हलवलं की सगळे मधल्या खोबणीत धावत जातात. हा खेळ करण्यात माझा रोजचा पहिला चहा गार व्हायचा.

संक्रांतीच्या आसपास एका झाडाच्या पोटात रुपयाएवढा हिरवा ठिपका दिसला. पंधरा-वीस दिवसांत त्याची चहाची बशी झाली. आणि इथेच मी माती खाल्ली.

ब्रॉकोलीत आपण खातो ते फूलही नाही आणि फळही नाही, त्या न उमललेल्या कळ्या असतात, शेकडोंनी. वांगं झाडावर दोन दिवस जास्त राहिलं तर निबर होतं, पण वांगंच राहतं. ही बाई थांबत नाही. कळ्या घट्ट, दाणेदार असतानाच कापायची. मला हे सगळं पाठ होतं. पण पुण्याची ताई रविवारी येणार होती आणि तिला ती झाडावरच दाखवायची होती. बुधवारी कापण्याजोगी होती. गुरुवारी ऊन तापलं. शनिवारी कडेच्या कळ्या सैल पडल्या आणि रविवारी ताईने कौतुकाने विचारलं, "अरे वा, मोहरी लावलीस?" चार पाकळ्यांची पिवळीधमक फुलं. मधमाश्याही आल्या होत्या, वेळेवर.

माय म्हणाली, "तुनी वाट पाही पाही कंटाळनी ती."

त्यानंतर कापणी तिने हातात घेतली. आयुष्यात ब्रॉकोली न चाखलेली ही बाई पहाटे अंगणात जायची, गड्ड्यावर अंगठा दाबून पाहायची आणि विळ्याने वीतभर दांड्यासकट तिरका काप द्यायची. तिरका का, तर वरचं पाणी ओघळून जावं, खोड सडू नये. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. झाड उपटूही दिलं नाही तिने. आठ-दहा दिवसांत पानांच्या बेचक्यांतून लिंबाएवढे कोंब फुटले आणि होळीपर्यंत ते पुरले.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी बायकोने ती फ्लॉवरसारखी शिजवली. रंग गेला, गंधकाचा वास घरभर. 1990 साली अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी, लहानपणी आईने खायला लावली, आता अध्यक्ष झालो, आता खाणार नाही, असं जाहीर केलं होतं. मायला हा किस्सा सांगितला, तर तिचं मत पडलं की त्याच्या मायने जास्त शिजवली असणार. मग आम्ही भरिताच्या दिवशी, वांगी भाजून झाल्यावर तुराट्यांच्या निखाऱ्यांवर तिचे तुरे धरले. कडा करपल्या, वर मीठ आणि थोडा काळा मसाला. कळण्याच्या भाकरीबरोबर संपले. दांडा मायने सोलून कच्चाच खाल्ला. नवलकोलपेक्षा गोड, म्हणाली. गड्ड्याबद्दल अजून मत दिलेलं नाही.

पुढच्या हंगामातही ब्रॉकोली त्याच वाफ्यात लावायचं मी बोलून गेलो, तेव्हा मात्र तिने सरळ नाही म्हटलं. तिचं माहेर पांझरेकाठचं, फडाच्या बागायतीतलं. नदीवर बंधारा, पाटाचं पाणी, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि दर वर्षी फडांची पिकं फिरायची. आज ऊस तिथे पुढे गहू. कोबीच्या जागी पुन्हा कोबीची भावंडं लावली की त्यांचे रोग आणि किडीही तिथेच मुक्कामाला राहतात, हे मी वाचलं होतं. ती त्यातच वाढलेली.

होळीनंतर उरलेली झाडं आप्पांच्या शेळीने दांड्यासकट फस्त केली. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत वाफा खणलेला होता आणि माय पदरातून गवारीचं बी टोबत होती.