आमची वाटचाल : चिखलातून आलेली गाडी

२००९ च्या दिवाळीत कोल्हापुरात उद्यमनगरात १२ बाय २० चा गाळा भाड्यानं घेतला तेव्हा आमच्याकडं एक जुना कॉम्प्रेसर, एक बेंच व्हाइस आणि मावसभावाची स्प्रे गन एवढंच होतं. मी त्याआधी ८ वर्षं लेथवर टर्नर होतो, तो गाड्यांना कलर मारायचा. उद्यमनगरात एक बरं आहे, बुश पाहिजे, पिन पाहिजे, बोअर मारायचाय, एखादा तुकडा ओतून पाहिजे, सगळं चालत जाऊन होतं, म्हणून जुन्या गाड्या नव्यासारख्या करायचं डोक्यात आलं आणि त्यातही मातीत पळवायच्या मोटारसायकली, कारण आम्हा दोघांना लहानपणापासून त्याचंच वेड.

आता डर्ट बाइक म्हटलं की लोकांना शोरूममधली उंच परदेशी गाडी आठवते. आमच्या पोरपणी तसलं काही साध्या माणसाला मिळायचं नाही. ज्याला मातीत पळवायची त्यानं येझदी घ्यायची नायतर यामाहाची आरएक्स १००, पुढं १९९३ नंतर सुझुकीची शोगन, मग हेडलाइट इंडिकेटर काढायचे, सायलेन्सर वर घ्यायचा, उंच हँडल टाकायचं, मातीत पकडणारे गाठीगाठीचे बटन टायर चढवायचे की झाली तयार. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि मग येझदी बनायच्या, १९९६ ला तो बंद पडला, आणि त्या गाडीचं मूळ झेकोस्लोव्हाकियाचं. तिकडच्याच सीझेड कंपनीच्या गाडीवर बेल्जियमच्या जोएल रोबेरनं १९६४, ६८ आणि ६९ ला २५० सीसी मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीतल्या शर्यतीचं, जगज्जेतेपद मारलं होतं. म्हणजे येझदी मातीत घालणारी पोरं काही वेडी नव्हती, त्या घराण्यालाच मातीची सवय होती.

आमची पहिली मोठी गाडी एक येझदी रोडकिंग. ७ महिने लागले. टाकी आतून सडलेली, रिमा गेलेल्या, पुढच्या शॉकअपचे पाइप पुन्हा हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कडक थर, करून ग्राइंड करून घेतले, इंजिनची केसिंग हातानं बफ केली, टाकीला मावसभावानं मरून रंगाचे कोट दिले आणि मालक घ्यायला आला तेव्हा गल्लीतली माणसं बघायला थांबली होती. गाडी घेऊन गेला तो थेट भर पावसात गगनबावड्याला, आणि आम्हाला त्याचा आनंदच झाला, गाडी पळवायलाच केली होती.

५ महिन्यांनी तीच गाडी परत आली. शॉकअपच्या पाइपावर बारीक बारीक खड्डे, त्यानं ऑइल सील फाटून तेल खाली ओघळलेलं, केसिंगवर पांढरे डाग, स्पोक रिममधे आवळायच्या निपलभोवती तांबूस गंज आणि टाकीवर ऊन पडलं की गोल गोल ओरखडे दिसायचे. मालकानं हयगय केली नव्हती हो. तो दरवेळी राइडवरून आला की त्याच संध्याकाळी सर्व्हिस स्टेशनला धुऊन घ्यायचा, तिथं प्रेशरचा पाइप मारला, चकाकावं म्हणून ॲसिडचं पाणी मारलं, वरनं डिझेलचा फवारा. प्रेमानंच केलेलं सगळं. मावसभाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. चूक आमचीही होती, ७ महिने राबून गाडी दिली आणि चिखलातून आल्यावर पहिले दोन तास तिचं काय करायचं हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आमचा धंदा खऱ्या अर्थानं त्या दिवशी सुरू झाला असं मी मानतो.

मग आम्ही शिकत गेलो, बरंचसं स्वतःच्या गाड्या खराब करून. पहिलं म्हणजे माती ओळखायची. शिरोळकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की इंजिनच्या फिनांच्या, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या, मधे सिमेंटसारखी बसते, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला तेवढ्यानं ताप चढतो, आणि पोरं ती स्क्रू ड्रायव्हरनं खरवडतात तिथं ॲल्युमिनियमवर कायमची रेघ पडते. आम्ही बांबूची कामटी वापरतो. गगनबावडा आंबोलीकडची लाल माती वेगळी, ती पिठासारखी बारीक, पांढऱ्या नंबर प्लेटला आणि क्रीम रंगाला डाग देते आणि कोरड्या फडक्यानं पुसली की पॉलिश पेपरचंच काम करते. टाकीवरचे ते गोल ओरखडे त्यामुळंच. म्हणून आमच्याकडं चिखलाच्या गाडीला कोरडा हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद आहे.

गाडी आली की आधी थंड होऊ द्यायची, सिलेंडरवर तळहात ठेवता आला पाहिजे. मग सायलेन्सरच्या तोंडात रबराचा बूच, एअर फिल्टरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, आणि साध्या नळाच्या पाइपनं खालून वर भिजवत जायचं, १५ मिनिटं नुसतं भिजवायचं, माती आपोआप सुटते. प्रेशरचा पाइप आम्ही विकतच घेतला नाही. जुन्या गाडीचं चाकाचं बेअरिंग, हँडलचा कोन सेट, मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचा बुश यांना आजच्यासारखी घट्ट सील नसतात, पाणी एकदा आत गेलं की ग्रीस धुऊन निघतं आणि वरनं गाडी चकचकीत दिसत असताना आतनं गंजत असते. साबण गाडीच्या शाम्पूचाच, कपड्याची पावडर नाही, ती वॅक्स काढून टाकते आणि रंग मळका करते. दोन बादल्या, एकीत साबण, एकीत स्पंज खळखळून घ्यायला साधं पाणी.

धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं, हे पटायला आम्हाला तीनचार वर्षं गेली. रिममधे पाणी निपलच्या भोकांतून आत शिरतं आणि आतूनच गंज धरतो म्हणून चाक फिरवत फिरवत हवा मारायची, मग प्रत्येक निपलला तेलाचा एकच थेंब. पॉइंटचं, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणाऱ्या भागाचं, झाकण उघडून आतला दमटपणा घालवायचा, येझदीवाल्यांनी हे केलंच पाहिजे नायतर दुसऱ्या दिवशी किका मारून पाय जातो. सीट काढून उलटी ठेवायची कारण शिवणीच्या भोकांतून फोम पाणी पितो. मग गाडी चालू करून एकदीड किलोमीटर हळू ब्रेक लावत फिरवून आणायची, ड्रम वाळतो, सायलेन्सर वाळतो. जागेवर तासभर चालू ठेवून उपयोग नाही, टू स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर तेलही जाळते, ती अशानं नुसतं तेल ओकते. सायलेन्सरच्या जॉइंटवरचं ते काळं तेलसुद्धा मऊ आहे तोवर टर्पेंटाइनच्या फडक्यानं काढायचं, गरम होऊन भाजलं की क्रोमला चिकटून बसतं. आणि ड्रम उघडला तर आतली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या कपड्यानं पुसा आणि तो कपडा टाकून द्या. हे मी गाळ्यात काम करणाऱ्या पोरांना रोज सांगतो.

शॉकअपचे पाइप रबरी बुटाच्या आत झाकलेले असले तरी दर राइडनंतर बूट वर सरकवून पुसायचे, आत अडकलेली चिमूटभर ओली रेती पुढं सील खाते.

क्रोम तारेनं घासायचा नाद आम्हाला हुपरीच्या एका चांदी कारागिरानं सोडवला. तो गिऱ्हाईक म्हणून आलेला, आमचा पोरगा तारेच्या घासणीनं मडगार्ड घासत होता ते बघून त्याला राहवलं नाही, म्हणाला चांदी आम्ही रिठ्याच्या पाण्यानं उजळतो, तुम्ही हे काय करताय. क्रोमचा थर अगदी पातळ, खाली निकेल, त्यावर तार घासली की गंजाला दारच उघडून दिलं. तेव्हापासून रिठ्याचं पाणी आणि जुन्या बनियनचा कपडा. गंजाचा ठिपका आलाच असेल तर जेवणाच्या डब्याचा ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवायचा, ठिपका जातो. आणखी एक आमच्या भागातलंच, चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून गाड्या गुलालानं भरून येतात. गुलाल आधी हलक्या हवेनं उडवून टाकायचा, मग पाणी. थेट पाणी मारलं तर रेक्झिनच्या शिवणीत तो रंग वर्षभर राहतो.

पेट्रोलचं मात्र आता नवीन दुखणं आहे. पंपावरच्या पेट्रोलमधे हल्ली २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, टाकी आतून गंजते. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचं फ्लोट बाऊल, म्हणजे पेट्रोल साठणारी खालची वाटी, रिकामं करा म्हणून आम्ही चावीला चिठ्ठीच बांधून देतो. नव्या रंगाच्या गाडीला पहिला महिना वॅक्स लावू नका हेही त्याच चिठ्ठीवर.

२०१६ ला शेजारचा गाळाही घेतला आणि तिथं फक्त धुण्यावाळवण्याची जागा केली, उताराचं कोबा काम, तेल अडवायचा खड्डा. लोक म्हणाले भाडं वाया घालवताय. आज आमच्या कमाईतला जवळजवळ निम्मा भाग त्या गाळ्यातून येतो, हिशोब बायको ठेवते म्हणून आकडा पक्का आहे. आम्ही ६ जण आहोत. गाडी नव्यासारखी करायची कामं वर्षाला चारपाचच घेतो, जास्त घेतली की हात सुटतो. रविवारी दुपारी दोनपासून राइडवरून येणाऱ्या गाड्यांसाठी शटर उघडं असतं आणि गिऱ्हाइकांना एकच विनंती, वाटेत कुठं धुऊन आणू नका, आहे तशी आणा.

ती पहिली रोडकिंग अजून येते. त्या वेळी पाइप परत हार्ड क्रोम करून दिले होते, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि तेच पाइप अजून आहेत. टाकीवर रंगही तोच मरून. परवाच्या रविवारी चारच्या सुमाराला मालक आला, टाकीपर्यंत लाल चिखल, अजून ओला, आणि मावसभाऊ काही न बोलता नळाकडं गेला.