काळा घोडा ते नागाव : कमला सोहोनींचे शोधनिबंध पिशवीत घेऊन

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं काम वाचायचं तर वाल शिजतात तिथे बसून वाचावं, हे बरेच दिवस डोक्यात होतं. फेब्रुवारीत जमवलं.

सुरुवात मुंबईत, काळा घोड्याजवळच्या विज्ञान संस्थेपासून केली. इथे त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि पुढे संचालकपदही सांभाळलं. इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेटची, गेटवेही त्याचाच, आणि दोन्हींत पायी पंधरा मिनिटांचं अंतर. गेटवेवरून मांडव्याची बोट धरली. बऱ्याच बोटींच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, चढण्याआधी विचारून घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा पेणवरून रस्त्याने येता येतं. अलिबागहून नागावला रिक्षा मिळतात.

निबंध घरूनच छापून न्या, वाडीत रेंजचा भरवसा नाही. शोधताना मी दोन दिवस वाया घालवले, कारण नाव. लग्नाआधीचे निबंध भागवत नावाने आहेत, आणि इंग्रजीत ते 'डब्ल्यू'ने नाही, 'व्ही'ने लिहिलेलं आहे. 1947 नंतर सोहोनी. 'बायोकेमिकल जर्नल'चे जुने अंक फुकट वाचता येतात, तिथे 1938चा सहकारी रिख्टरबरोबरचा निबंध आहे. वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनाच्या एन्झाइमवरचा, हिलबरोबरचा निबंध 1939च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात. त्याच वर्षी केंब्रिजची पीएचडी.

1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतलं. हे वाचताना मला आजही राग येतो. तिथेच त्यांनी दुधातल्या नि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं, आणि कडधान्यं पुढे त्यांनी सोडली नाहीत.

मी गेलो तो 1955चा 'नेचर'मधला छोटा निबंध घेऊन. सोहोनी आणि त्यांचे सहकारी के. एस. आंबे यांनी वाल आणि डबल बी या कडधान्यांतून ट्रिप्सिन अडवणारी प्रथिनं स्फटिकरूपात वेगळी केली. ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम. वालातलं हे प्रथिन त्याला घट्ट धरून बसतं, मग खाल्लेलं नीट पचत नाही.

ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी आदल्या दिवशीच वाल भिजवून फडक्यात बांधले होते. सकाळी गाठ सोडली तर बोटाच्या पेराएवढे मोड. कोमट पाण्यात टाकून त्या एकेक वाल दोन बोटांत दाबत, साल चटकन सुटे आणि पिवळसर डाळिंबी ताटात पडे. मीही सोलायला बसलो, अर्ध्या तासात वाटीभरसुद्धा झाले नाहीत. "कच्चे का नाही खायचे?" विचारलं. "पोट धरून बसशील बाबा," काकू म्हणाल्या, "वाल मऊ शिजलाच पाहिजे." त्यामागचं कारण हातातल्या कागदावर होतं. भिजवून, मोड आणून हे प्रथिन थोडंफार कमी होतं, आणि चांगलं शिजवलं की बरंचसं निकामी होतं. ओलं खोबरं, आमसूल, गूळ घातलेलं ते बिरडं मी तीनदा वाढून घेतलं.

सोहोनींना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो नीरेवरच्या कामासाठी. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिली तर फरक पडतो, हे त्यांनी दाखवलं. नीरा प्यायचीच असेल तर परवाना असलेल्या विक्रेत्याकडून, पहाटे, थंड असतानाच. ऊन चढलं की आंबायला लागते.

जायचं तर थंडीतच जा, तेव्हा वालाच्या शेंगा असतात आणि पोपटीही, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, मिळते. उतरायची जागा ठरवतानाच बिरड्याचं सांगून ठेवा, वाल भिजून मोड यायलाच दीड दिवस लागतो. परतताना मी दोन किलो कडवे वाल घेतले. रविवारी संध्याकाळच्या बोटीला गर्दी फार असते, दुपारचीच धरा.