पाचवा पाय

मी १९९४ची दहावी, ब तुकडी, खिडकीजवळचा शेवटचा बाक. स्मरणिकेसाठी लिही लिही म्हणून ग्रुपवर चारदा मेसेज आला, बाकीचे सगळे गॅदरिंग, छड्या अन् डब्यांवर लिहून राहिले असतील, म्हणून मी सायक्लॉप्सवर, म्हणजे तळ्याविहिरीच्या पाण्यातल्या ठिपक्याएवढ्या जिवावर लिहितो. हसू नका बे.

नववीत जीवशास्त्राच्या मॅडमनी आम्हा पाच पोट्ट्यांना एका रविवारी फुटाळा तलावावर नेलं. आम्ही मोठ्या ऐटीत मच्छरदाणीची जाळी शिवून नेली, अर्धा तास पाणी गाळलं आणि हाती आला नुसता पालापाचोळा, कारण हे जीव जेमतेम एक मिलिमीटरचे, मच्छरदाणीच्या भोकातून आरामात निघून जातात. मग मॅडमनी पर्समधून सुती रुमाल काढला. त्यात जे आलं ते बाटलीत टाकून उन्हात धरलं तर पांढरे ठिपके, काही उड्या मारणारे, काही झटके देत पळणारे.

उड्या मारणारी डॅफ्निया. काचेसारखं अंग, आतलं हृदय धडधडताना दिसतं, पाठीकडच्या पिशवीत पिल्लं. झटकेवाले सायक्लॉप्स, डोक्यात मधोमध एकच डोळा, मादीला दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. अंड्यांची पिशवी एकच अन् मिशा जवळपास अंगाइतक्या लांब असल्या तर तो त्याचाच भाऊबंद डायाप्टोमस. आणि नर ओळखायचा मिशांवरूनच, सायक्लॉप्सच्या नराच्या दोन्ही मिशा मादीला पकडायसाठी कोपरासारख्या वाकतात, डायाप्टोमसच्या नराची फक्त उजवी. यावर वर्गात जे जोक झाले ते इथं छापता येणार नाही.

घरी आजीला सांगितलं तर ती हसलीच नाही. लुगडं वर करून पोटरीवरचा जुना व्रण दाखवला, नारूचा, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात जाऊन कातडी फोडून निघणाऱ्या लांब जंताचा. लहानपणी पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी तसंच प्यायची, अन् नारूच्या अळ्या असतात याच सायक्लॉप्सच्या पोटात! माठावर दुहेरी फडकं का बांधते ते मला तेव्हा कळलं. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, ती बातमी ऐकायला आजी नव्हती.

पण मॅडमचं खरं वेड म्हणजे पाचवा पाय. सायक्लॉप्सच्या पोहायच्या पायांच्या चार जोड्या ठसठशीत, पाचवी एवढीशी खुरटी की नसल्यातच जमा, आणि जात ठरवायला बघायची नेमकी तीच. त्या पायाच्या शेवटच्या तुकड्याला आतून काटा मध्यावर असला तर मेसोसायक्लॉप्स, टोकाला असला तर थर्मोसायक्लॉप्स. एवढ्या एका काट्यासाठी आम्ही ग्लिसरीनच्या थेंबात सुया घेऊन दुपारभर बसायचो, आरशाचा मायक्रोस्कोप, घामाचा थेंब स्लाइडवर पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला तो काटा कधीच दिसला नाही राजेहो. बाकीचे ‘दिसला दिसला’ म्हणायचे, मला अजूनही डाऊट आहे.

मी जर्नलमध्ये गाइडातून बघून झकास चित्र काढलं, वर शेडिंग. मॅडमनी लाल पेनानं एवढंच लिहिलं, ‘पाचवा पाय कुठे आहे?’ ती जर्नल अजून माझ्याकडे आहे, चित्र तसंच चार जोड्यांचं.