यात भूत कुठंय?

आमच्या वाचनालयात सगळ्यात झिजलेलं कपाट भयकथांचं. धारप-मतकरींची पुस्तकं सारखी बांधणीला जातात. दुपारच्या महिला मंडळातलं मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. म्हणून एका बैठकीला मी मुद्दाम शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची १८९२ सालची ‘द यलो वॉलपेपर’ घेतली. पुस्तक इंग्रजी, सांगत गेले मराठीत.

नुकतीच बाळंत झालेली, मनाने खचलेली बाई. नवरा डॉक्टर, अगदी प्रेमळ. हवापालटासाठी भाड्याने घेतलेल्या घरात तिला माडीवरच्या खोलीत ठेवलंय. खिडक्यांना गज, भिंतींना कळकट पिवळा कागद. काम बंद, लिहिणं बंद. हळूहळू तिला कागदावरच्या नक्षीमागे रांगणारी एक बाई दिसू लागते. अमावस्या नाही, स्मशान नाही, साधं कुत्रंही रडत नाही. मला तर त्या कागदापेक्षा नवऱ्याच्या लाडिक बोलण्याचीच जास्त भीती वाटते.

“पण यात भूत कुठंय?” एकीने विचारलं.

उत्तर मी देणार होते, पण आमच्या सिस्टर बोलल्या. त्यांची सगळी नोकरी प्रसूती विभागात गेलेली. “अशा कितीतरी बघितल्यात. घरचे म्हणायचे, बाहेरचं झालंय. एकीला तर खोलीत घालून वरून कडी लावलेली. विचारलं तर म्हणे, तिच्याच भल्यासाठी.”

मग कुणाची जाऊ निघाली, कुणाची मावशी. एरवी पाककृतींपलीकडे न बोलणाऱ्या एक आजी आपल्या पहिल्या बाळंतपणाबद्दल बोलू लागल्या. ते इथे लिहिणार नाही.

गिलमनने हे स्वतः भोगलं होतं. १८८७ साली डॉ. वीअर मिचेल या नामांकित तज्ज्ञाने तिला घरसंसारात रमायला सांगितलं. वाचन-विचार दिवसाला दोन तास, आणि लेखणी जन्मात हाती धरायची नाही. तिने तीन महिने हा सल्ला पाळला आणि वेडाच्या काठावर पोचली. पुढे कथा लिहिली, तर एका बड्या मासिकाच्या संपादकाने परत पाठवली: वाचून मी जेवढा दुःखी झालो, तेवढं इतरांना करणं मला जमणार नाही.

त्या दिवशी शर्ली जॅक्सनचं ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ही नोंदवहीत चढलं. भूतबंगल्याची गोष्ट असली तरी आईच्या आजारपणात तरुणपण गेलेल्या एलेनॉरसाठी मी ते पुढे केलं होतं.

निघताना सिस्टर काउंटरपाशी थांबल्या. “त्या डॉक्टरने वाचली का हो गोष्ट?”

“तिने पाठवली होती. त्याने पोचही दिली नाही. पण त्याने उपचार बदलले, असं पुढे तिच्या कानावर आलं.”

“बदलले असतील,” सिस्टर म्हणाल्या. “कबूल कशाला करेल?”