मोपाला उतरून काणकोणला जाणाऱ्यांनो, जरा थांबा

गोव्याला मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आहेत हे मला माहीत होतं. तिकीट काढताना डोक्यात आलं नाही, एवढंच. साइटवर ‘गोवा’ टाकलं, स्वस्त दिसलं ते घेतलं, आणि ‘सव्वा तास’ वाचून खूश झालो. विमानतळाचा कोड जीओएक्स होता, म्हणजे मोपा. दाबोळीचा जीओआय. ही तीन अक्षरं बघा, बाकी सगळं नंतर.

मुंबईहून मोपा हवाई अंतराने साधारण ३९० किलोमीटर, दाबोळी ४२५ च्या आसपास. हवेत दोन्हीकडे तासभरच. फरक पडतो तो जमिनीवर. मोपा पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून. आमचं हॉटेल काणकोणातल्या पाळोळ्याला, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये जवळपास शंभर किलोमीटर, आणि त्यात पणजीच्या अलीकडची पर्वरी.

पर्वरीबद्दल काय बोलू! उड्डाणपुलाचं काम, धूळ, वळवलेला रस्ता. एसी चालू, गाडी बंद, लेक विचारतेय, “बाबा, हाच का समुद्र?” त्या एका तुकड्यात सव्वा तास गेला. मुंबई-गोवा विमानाला लागला तेवढाच. वर टॅक्सीचे साडेचार हजार मोजले. काउंटरवर घासाघीस चालत नाही, आणि ओला-उबर गोव्यात नाहीत. पहाटे साडेपाचला ठाण्यातलं घर सोडलं होतं, पाळोळ्याला टेकलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

ठाण्याहून वंदे भारतने निघालो असतो तर दुपारी एक-दीडला मडगाव, पुढे तासाभरात काणकोण. हे आठवून अजून चिडचिड होते. (पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक सैल होतं, तेव्हा हा हिशेब लावू नका. गाडी रोजही नसते.)

पुढचे तीन दिवस मस्त गेले. समुद्र, मासे, झोप.

माझं मत सरळ आहे. हरमल, मोरजी, म्हापसा असेल तर मोपाच. तारकर्ली, शिरोडा, वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांनीही डोळे मिटून मोपा घ्यावा. मडगाव, कोलवा, काणकोण असेल तर दाबोळी, तिकीट दीड-दोन हजारांनी महाग असलं तरी. चौघांचा हिशेब वेगळा येईल, पण टॅक्सी आणि दोन-अडीच तास त्यात धरा. पणजीवाल्यांनी जे स्वस्त मिळेल ते घ्यावं.

परतीचं तिकीटही मोपाचंच होतं. या वेळी मडगावहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, विमानतळ बस घेतली. टॅक्सीच्या मानाने भाडं किरकोळ. वेळा आदल्या दिवशी स्टँडवर विचारून घ्या, आणि पर्वरीसाठी तासभर हातचा ठेवा. आम्ही विमानाच्या साडेपाच तास आधी मडगाव सोडलं. बायको म्हणाली, अतीच झालं. पर्वरीला पोचल्यावर काही बोलली नाही.